दुसऱ्या पावसाळ्याची सायकल

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी सहामाहीचे राहिलेले आणि वार्षिकचे नवे असे उत्तरपत्रिकांचे दोन्ही गठ्ठे समोर घेऊन बसले होते, तेव्हा पुण्याहून भाचीचा फोन आला. नोकरी लागून वर्ष होत आलं होतं, सत्तर हजार रुपये साठले होते आणि तिला रोड बाइक घ्यायची होती.

"मावशी, ट्रेक घेऊ, जायंट घेऊ, की डेकॅथलॉनची? एकच नाव सांग. मी डोळे मिटून घेते."

मी म्हटलं, "नाव नंतर. आधी एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, पेन्सिल आणि मोजपट्टी घे. आणि येत्या रविवारी साताऱ्याला ये."

ती जरा हिरमुसली. पण तिचा प्रश्न मला परका नव्हता. सात वर्षांपूर्वी, चाळिशी उलटल्यावर, मीही तोच प्रश्न चार जणांना विचारला होता. चौघांनी चार नावं सांगितली. त्यातलं जे सगळ्यात मोठं वाटलं ते मी धरून बसले. दुकानात त्या नावाची एकच सायकल उरली होती, चांगली सूट होती आणि रंग तर इतका देखणा की नजर हटत नव्हती. माझ्या मापापेक्षा ती एक नंबर मोठी होती. "स्टेम आखूड लावून देतो, जमून जाईल," असं मला सांगण्यात आलं. हँडलला फ्रेमशी जोडणारा तो स्टेम बदलला, पण जमलं नाही. पंचवीस-तीस किलोमीटर झाले की दोन्ही हातांची करंगळी आणि अनामिका बधिर व्हायची, मानेत कळ यायची. पहिला पावसाळा मी हौसेवर काढला. दुसऱ्या पावसाळ्यात सायकल गॅलरीत उभी राहिली ती राहिलीच. शेवटी निम्म्याहून कमी पैशांत विकली. त्यानंतर मापाची सायकल घेतली आणि तिच्यावर २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केली. अंग तेच होतं, गुडघे तेच होते. माप तेवढं बदललं होतं.

तेव्हापासून कुणी रोड बाइकबद्दल विचारलं की मी एकच कसोटी सांगते. ही सायकल दुसऱ्या पावसाळ्यातही रस्त्यावर असेल का? पहिलं वर्ष कोणतीही नवी सायकल चालते, नवेपणाच तिला ओढून नेतो. दुसऱ्या वर्षी मात्र हौस ओसरलेली असते. तेव्हा ती अंगाला बसते का, आपला घाट चढते का आणि मोडली तर दुरुस्त होते का, यावरच सगळं ठरतं.

नाव एकाचं, कारखाना दुसऱ्याचा

भाचीच्या प्रश्नातल्या नावांकडे आधी नीट बघू. जायंट ही तैवानची कंपनी १९७२ साली सुरू झाली. मेरिडाही त्याच वर्षीची आणि त्याच देशातली. दोन्ही कंपन्या सुरुवातीला दुसऱ्यांच्या नावाच्या सायकली बनवून वाढल्या. अमेरिकेतल्या जुन्या श्विन कंपनीच्या कितीतरी सायकली जायंटच्या कारखान्यात तयार झाल्या. अमेरिकेची स्पेशलाइज्ड १९७४ची. २००१ साली मेरिडाने तिच्यात मोठा हिस्सा विकत घेतला आणि तिच्या सायकलीही बनवल्या. ट्रेक १९७६ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, वॉटर्लू नावाच्या छोट्या गावातल्या एका लाल कोठारात सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या किमतीतल्या सायकली आज आशियातच बनतात.

आता फ्रेमवर जोडलेले भाग बघा. गिअर, चेन, ब्रेकची लिव्हर बहुतेक वेळा जपानच्या शिमानोची असतात. ही कंपनी १९२१ साली ओसाकाजवळच्या साकाई शहरात सुरू झाली. साकाई हे सुऱ्या-चाकूंसाठी नावाजलेलं, लोहारकामात मुरलेलं गाव. शिमानोने तिथे बनवलेली पहिली वस्तू म्हणजे सायकलचं फ्रीव्हील. शंभर वर्षांनंतर आज पुण्याच्या दुकानात शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या पाच नावांच्या पाच सायकलींवर गिअर त्याच घराण्याचे निघतात.

मग ब्रँड नेमकं काय देतो? तीन गोष्टी देतो. पहिली, फ्रेमचा आकार, म्हणजे कुठली नळी किती लांब आणि किती तिरकी. दुसरी, ठरलेल्या किमतीत कुठे पैसा घालायचा आणि कुठे वाचवायचा याची निवड. तिसरी, विकून झाल्यावर पाठीशी उभं राहणं. आपण या तीन गोष्टींचे पैसे मोजतो, म्हणून निवडही त्यांच्यावरूनच करायची.

पुस्तक, पेन्सिल, मोजपट्टी

रविवारी भाची आली. तिला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं केलं. दोन पावलांत वीतभर अंतर. हातात बीजगणिताचं जुनं पाठ्यपुस्तक दिलं आणि सांगितलं, की कणा भिंतीला टेकव आणि सायकलच्या सीटवर बसल्यासारखं पुस्तक मांड्यांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट दाब. पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची खूण केली आणि जमिनीपासून मोजलं. ७२ सेंटीमीटर भरलं. तिची उंची ५ फूट २ इंच.

या ७२ ला ०.८८३ ने गुणलं की साधारण ६३.५ येतात. पॅडलचे दांडे ज्या धुरीभोवती फिरतात, तिच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठापर्यंतचं हे अंतर. ग्रेग लेमाँड या अमेरिकी शर्यतपटूच्या नावाने हे सूत्र ओळखलं जातं. हे सूत्र काही अंतिम शब्द नव्हे, सुरुवात करायला मात्र पक्की जागा आहे. कुठल्या फ्रेमवर सीट इतकी खाली येऊ शकते आणि कुठल्या फ्रेमची आडवी नळी उभं राहताना टोचेल, हे एवढ्यावरून लगेच कळतं.

सीटची उंची खालीवर करता येते. हँडलचं अंतर मात्र फ्रेमच ठरवते. म्हणून दुकानात नुसतं "५२ नंबर दाखवा" म्हणून भागत नाही. एका कंपनीचा ५२ दुसरीच्या ५० इतका असतो, तिसरी कंपनी नंबरच देत नाही, स्मॉल-मीडियम म्हणते. त्यासाठी दोन मापं विचारायची. पॅडलच्या धुरीपासून हँडलखालच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि तेवढ्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. ही दोन मापं कंपनीच्या तक्त्यात छापलेली असतात आणि कोणत्याही दोन ब्रँडची थेट तुलना त्यांवरून होते. स्टॅक जास्त आणि रीच कमी असेल तर पाठ उभट राहते. उलट असेल तर आपण हँडलवर ओणवे होतो.

बहुतेक कंपन्या दोन्ही तऱ्हेच्या सायकली बनवतात. ट्रेकची डोमाने उभट बैठकीची, एमोंडा शर्यतीची. कॅननडेलची सिनॅप्स आरामाची, कॅड मालिका ओणव्या बैठकीची. जायंटची कंटेंड नवख्यासाठी, टीसीआर शर्यतीसाठी. म्हणजे "जायंट की ट्रेक" असा प्रश्न विचारला तर उत्तर देणाऱ्याने यांतल्या कुठल्या दोन सायकली डोळ्यासमोर आणायच्या? एकाच नावाच्या दोन सायकलींत जेवढा फरक असतो, तेवढा पुष्कळदा दोन नावांच्या सायकलींतही नसतो.

ठेंगण्या माणसांसाठी, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक बायकांसाठी, आणखी दोन गोष्टी दुकानातच तपासायच्या. एक, सायकलवर बसून पॅडल आडवं धरायचं आणि हँडल पूर्ण वळवायचं. लहान फ्रेमवर बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागू शकतं. थोडं लागलं तर सवय होते, पण गर्दीत हळू वळताना ते ठाऊक असलं पाहिजे. दुसरी, हँडलच्या खालच्या वळणावर हात ठेवून ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटं पोचतात का, ते पाहायचं. पोचत नसतील तर लिव्हर जवळ आणता येते का, हे मेकॅनिकला विचारायचं आणि त्याला ते आपल्यासमोर करायला लावायचं. उतारावर ब्रेक दोन बोटांनी दाबता आला पाहिजे. खास बायकांसाठी सायकली करणारा लिव्ह हा जायंटचाच ब्रँड आहे, तोही पाहून ठेवावा; पण तिथेही माप स्वतःच्या अंगाशी ताडूनच घ्यायचं.

घाटाचं गणित

दुपारी तिला माझ्या सायकलवर बसवून यवतेश्वरच्या घाटात पाठवलं. सीट खाली घेतली होती तरी सायकल तिला जराशी लांबच होती. पण मला तिला गिअर समजावायचे होते आणि ते फळ्यावर समजत नाहीत. मी स्कूटरवर मागे होते. तिसऱ्या वळणाला ती थांबली. मांड्या थरथरत होत्या. "अजून खालचा गिअरच नाही," असं ती म्हणाली. दुकानात शंभरातल्या नव्वद जणांच्या तोंडी नसलेलं हे वाक्य मला तिच्याकडून हवं होतं.

रोड बाइकला पुढे साधारण दोन चेनरिंग असतात, मोठी ५० दात्यांची आणि लहान ३४ दात्यांची. मागच्या कॅसेटची सगळ्यात मोठी चकती कधी २८ दात्यांची असते, कधी ३२ किंवा ३४ दात्यांची. माहितीपत्रकात हे ११-२८, ११-३४ असं लिहिलेलं असतं आणि बहुतेकांची नजर त्यावरून घसरून फ्रेमच्या वजनावर जाते.

चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. पुढे ३४ आणि मागे २८ असेल तर पॅडलच्या एका फेरीत सायकल २.५५ मीटर जाते. मागेही ३४ असेल तर २.१ मीटर. नवखा माणूस चांगल्या चढावर ताशी ७ किलोमीटरने चालला आहे असं धरू, म्हणजे मिनिटाला सुमारे ११७ मीटर. पहिल्या सायकलवर त्याचे पाय मिनिटाला ४६ वेळा फिरतील, दुसरीवर जवळजवळ ५६ वेळा. काम तेवढंच, पण दुसरीवर ते जास्त फेऱ्यांत वाटलं जातं, आणि दर फेरीला पॅडलवर पडणारा जोर सुमारे १८ टक्क्यांनी कमी होतो. दमलेल्या गुडघ्याला हा फरक मोठा असतो. माझी सायकल ११-२८ची आहे. मला आता तिची सवय झाली आहे, पण भाचीला मी तशी सायकल घेऊ दिली नाही. सिंहगड, बोपदेव, कात्रज ज्यांच्या दारात आहेत त्यांनी ३२ किंवा ३४ मागावा. आणि कॅसेट नंतर बदलायचा विचार असेल तर मागचा आरडी, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा डिरेलर, केवढी चकती पेलतो, हे घेण्याआधीच विचारावं.

गिअरच्या नावांची उतरंडही सांगून ठेवते, कारण दुकानात ती मंत्रासारखी कानावर पडते. शिमानोच्या टूर्नीला मागे ७ चकत्या, क्लॅरिसला ८, सोराला ९, टियाग्राला १०. त्यावरच्या १०५ मालिकेला आधी ११ होत्या, नव्या पिढीत १२ आहेत. अलीकडे क्यूज हे नवं नावही आलं आहे. चकत्या वाढल्या म्हणून घाट सोपा होत नाही. दोन गिअरांमधली पायरी लहान होते, एवढंच. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी चकती तीच राहू शकते. टूर्नी आणि क्लॅरिस यांच्यात मात्र हाताला जाणवणारा फरक आहे. टूर्नीच्या रोड लिव्हरला एका दिशेने गिअर अंगठ्याने बटण दाबून बदलावा लागतो, आणि हात हँडलच्या खालच्या वळणावर असताना अंगठा तिथे पोचत नाही. क्लॅरिसपासून पुढे दोन्ही दिशांनी गिअर ब्रेकच्या लिव्हरजवळच बोटांनी बदलतात. म्हणून माझ्या मते पैसे ताणायचे असतील तर क्लॅरिसपर्यंत जरूर ताणावेत. त्यापुढचा एकेक टप्पा सुखाचा आहे, पण पहिल्या सायकलला तो हवाच असं नाही.

लाल चिखल

साताऱ्याहून कासकडे जाताना जांभ्याची लाल माती रस्त्यावर उतरते. जून ते सप्टेंबर ती चेनमध्ये, ब्रेकमध्ये, मोज्यांत, सगळीकडे जाते. ब्रेकची निवड करताना माझ्या डोळ्यांसमोर हा चिखल असतो.

रिम ब्रेक हलके, साधे आणि गल्लीतला मेकॅनिकही पाच मिनिटांत लावून देईल असे. पण पावसात पहिले एक-दोन फेरे ते पाणीच पुसत राहतात, आणि मातीचे कण रबरात अडकले की ते रिमही खातात. डिस्क ब्रेकची चकती चिखलापासून वर, चाकाच्या मध्यावर असते. पावसात तो लवकर आणि भरवशाने धरतो. स्वस्त सायकलींवर वायरने ओढला जाणारा डिस्क ब्रेक असतो. त्यात पुष्कळदा एकच पॅड हलतो, दुसरा पॅड झिजेल तसा हाताने पिळून जवळ आणावा लागतो. हे काम शिकायला दहा मिनिटं लागतात आणि ते शिकलंच पाहिजे. तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक ब्रेक सगळ्यात उत्तम, पण त्यातली हवा काढण्याचं काम आपल्या गावात कुणाला येतं का, हे आधी पाहावं. वर्षभर चालवणार असाल तर डिस्क घ्या. पावसाळ्यात सायकल घरातच राहणार असेल तर चांगला रिम ब्रेक अजूनही पुरेसा आहे.

टायरबद्दल एकच विचारायचं. या फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो? २५ मिलिमीटरचा टायर गुळगुळीत महामार्गावर छान पळतो. आपल्या रस्त्यांवर २८ हवा, आणि ३२ बसत असेल तर दुधात साखर. मी २५च्या टायरमध्ये ९० पौंड हवा भरायचे. २८ घातल्यावर ७० पुरते, आणि मेढ्याच्या रस्त्यावरचे खड्डे मनगटाला कमी कळतात. फ्रेमला मडगार्ड लावायची छिद्रं आहेत का, हेही बघून घ्यावं. माहितीपत्रकातल्या फोटोत ती दिसत नाहीत, पण जुलैत पाठीवर चिखलाची रेघ उठली की त्यांची आठवण येते.

अंगठ्याएवढा तुकडा

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये कासच्या पुढे, बामणोलीच्या रस्त्यावर मी पाणी प्यायला थांबले आणि सायकल दगडाला टेकवली. ती घसरून उजव्या अंगावर पडली. ओरखडासुद्धा नव्हता. पुढच्या चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला आणि मागून कडाड् आवाज आला. आरडी चाकात गेला होता, दोन स्पोक तुटले होते. सायकल पिकअपमध्ये घालून घरी आणली.

तुटला होता तो हँगर. आरडी ज्याला टांगलेला असतो, तो ॲल्युमिनियमचा तुकडा, माझ्या अंगठ्यापेक्षा थोडासा मोठा. तो मुद्दामच मऊ धातूचा करतात, म्हणजे धक्का बसला तर तो वाकेल किंवा तुटेल आणि फ्रेम वाचेल. कल्पना उत्तम आहे. अडचण एवढीच, की प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो. त्याचे आकार शेकड्यांनी आहेत, आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

मी सायकल आमच्या भागातल्या दुरुस्तीवाल्यांकडे नेली. साठीचे गृहस्थ आहेत, त्यांच्या दोन मुली माझ्या वर्गात होत्या. त्यांनी स्पोक तासाभरात घातले, चाक सरळ केलं. मग तुटलेला तुकडा तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "बाई, चाक माझ्या हातात हाय. ह्यो तुकडा न्हाई. ह्यो कंपनीनं द्यायला पायजे." जिथून सायकल घेतली होती तिथे विचारलं, तर तो तुकडा मागवावा लागेल असं कळलं. सहा आठवडे लागले. किंमत काहीशे रुपये. अख्खा जून आणि अर्धा जुलै, कासला धबधबे भरून वाहत असताना, सायकल भिंतीला टेकून उभी होती. तुकडा आला तेव्हा मी दोन घेतले. दुसरा आजही सीटखालच्या पिशवीत, जुन्या रुमालात गुंडाळून असतो.

कुठल्या ब्रँडची सायकल होती ते सांगण्यात अर्थ नाही. असं कोणत्याही नावाच्या बाबतीत, कोणत्याही गावात होऊ शकतं. पण त्या सहा आठवड्यांनी मला शिकवलं की ब्रँड म्हणजे आपल्या गावापासून त्याच्या सुट्या भागांपर्यंतचं अंतर. पुण्यात एखाद्या नावाचं मोठं दुकान असेल तर ते नाव पुण्याच्या माणसासाठी चांगलं. तेच नाव गडहिंग्लजच्या किंवा परभणीच्या माणसासाठी तितकं चांगलं असेलच असं नाही.

म्हणून भाचीला मी दुकानात विचारायचे चार प्रश्न वहीत लिहून दिले. या सायकलचा जादा हँगर आज माझ्या हातात देता का? पॅडलच्या धुरीचं बेअरिंग आट्यांचं आहे की दाबून बसवलेलं? आट्यांचं असेल तर त्याच्या ठरावीक पान्याने निघतं आणि बहुतेक मेकॅनिकांना जमतं. चाकाचे स्पोक साधे आहेत की खास त्याच चाकाचे? आणि हमीत काही निघालं तर सायकल कुठे पाठवायची, किती दिवस लागतात आणि पाठवण्याचा खर्च कुणाचा? मोठ्या कंपन्यांपैकी अनेक जण पहिल्या मालकाला फ्रेमवर आजीवन हमी देतात. ती हमी खरीच असते, पण बिल जपून ठेवावं लागतं, आणि झिजणारे भाग तीत येत नाहीत. दुकानदाराने हे चार प्रश्न शांतपणे ऐकून घेतले आणि नेमकी उत्तरं दिली, तर निम्मी निवड तिथेच झाली असं समजावं.

आता नावं

आता भाचीला हवी होती ती नावं, मला जशी दिसतात तशी. डेकॅथलॉनच्या रोड बाइक कितीतरी वर्षं ट्रायबन नावाने आल्या, अलीकडे त्या व्हॅन रिसेल नावाखाली येतात. लिल हे फ्रेंच शहर डचमध्ये रेसेल म्हणून ओळखलं जातं, म्हणजे नावाचा अर्थच लिलची. कंपनीचं मूळ घर त्याच शहराजवळ आहे. पुढे एकच चेनरिंग आणि मागे ७ चकत्या असलेली त्यांची आरसी १०० आपल्याकडे कितीतरी जणांची पहिली रोड बाइक ठरली. मोजक्या पैशांत सपाट रस्त्यावर रोड बाइक कशी असते हे कळायला ती पुरेशी आहे, घाटासाठी मात्र वरचं मॉडेल बघावं. या नावाचा मोठा गुण म्हणजे सायकलवर बसून, दुकानात फिरवून बघता येते.

ट्रेकच्या डोमानेचा जन्म बेल्जियम-फ्रान्समधल्या दगडी फरसबंद रस्त्यांवरच्या शर्यतींसाठी झाला. तिची स्वस्त ॲल्युमिनियमची आवृत्ती रुंद टायर घेते आणि बैठक उभट ठेवते, म्हणून आपल्या रस्त्यांना ती मानवते. जायंटची कंटेंड आणि मेरिडाची स्कल्टुरा यांच्यामागे स्वतःच्या कारखान्यांचा अनुभव आहे, तो फ्रेमच्या जोडांत दिसतो. स्पेशलाइज्डची अलेज आणि कॅननडेलची कॅड ऑप्टिमो या ॲल्युमिनियमच्या जुन्या, मुरलेल्या ओळी. स्कॉटची स्पीडस्टर, इंडोनेशियाच्या पॉलिगॉनची स्ट्रॅटॉस याही याच पंगतीतल्या. यांतली एकही वाईट सायकल नाही. याच कारणाने नावावरून निवडायचं नसतं. जवळपास सगळ्याच चांगल्या असताना, आपल्या अंगाची कुठली आणि आपल्या गावची कुठली, एवढंच शोधायचं उरतं.

एक हिशेब मात्र विसरू नये. सत्तर हजार हातात असतील तर साठच्या आत सायकल बघावी. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, हवेचा पंप, दोन जादा ट्यूब, टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, ॲलन की आणि कुलूप यांत उरलेले सहज जातात. काही सायकलींबरोबर पॅडलही मिळत नाहीत. वापरलेली सायकल घेत असाल तर फ्रेमच्या जोडांवर बारीक भेग, चाकाची डुगडुग आणि चेनची झीज एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्या. मूळ बिल मागा, आणि माप चुकीचं असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

ब्रेकचे पॅड

भाची तीन शनिवार पुण्यातल्या दुकानांतून फिरली. पहिल्या दुकानात तिला वही उघडताना संकोच वाटला, तिसऱ्यात दुकानदारानेच वहीत डोकावून हँगरचं खोकं उघडलं. नाव पाहून तिने सायकल घेतली नाही. घेतली ती तिच्या मापाची सगळ्यात लहान फ्रेम, मागे ३४ दात्यांची कॅसेट, २८चे टायर, वायरचे डिस्क ब्रेक आणि रंग साधा राखाडी. नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते वाचून कुणी तीच सायकल घ्यायला जाईल, आणि त्याची उंची ५ फूट २ इंच नसेल.

पहिल्या पावसाळ्यात तिचे फोटो येत राहिले. खडकवासला, पानशेत, सिंहगडाचा पायथा. मी प्रत्येक फोटो मोठा करून सीटची उंची आणि कोपराचा वाक तेवढा बघत होते. डिसेंबरात फोटो थांबले. मला काळजी वाटली, पण मी विचारलं नाही.

या जुलैत, रविवारी सकाळी साडेनऊला तिचा फोन आला. मागे पावसाचा आवाज होता. ती सिंहगडाच्या वाटेवर एका टपरीच्या पत्र्याखाली उभी होती.

"मावशी, मागचा ब्रेक लिव्हर पार आत जाईपर्यंत धरत नाही. पॅड पिळून जवळ आणला, तरी तेच."

मी म्हटलं, "पॅडवर माल किती उरलाय बघ."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "काहीच नाही गं. पत्राच दिसतोय. संपले."

"मग पुढच्या ब्रेकवर सावकाश उतर, आणि उद्या नवे घाल," मी म्हटलं. फोन ठेवला आणि मीही माझी सायकल बाहेर काढली.